समईवरची चमक आणि करंट

प्रश्न : लग्नात आलेली पितळी समई दोन वर्षं न घासता सोन्यावानी चमकत होती, आता मधेमधे काळ्या रेघा आल्या. दुकानदार म्हणे करंटनं लॅकर बसवलंय. हे काय असते? – एक ताई, दारव्हा तालुका, यवतमाळ

उत्तर : ताई, दुकानदार खरं बोलला असंल. लॅकर म्हणजे पितळेची चमक टिकवणारा पातळ पारदर्शक थर. पाण्यात मिसळलेल्या रेझिनच्या (ज्याचा हा थर बनतो त्या राळेसारख्या पदार्थाच्या) टाकीत समई बुडवून डीसी, म्हणजे एकाच दिशेनं वाहणारा करंट सोडतात, बहुतेक वेळा समई निगेटिव्हला जोडतात, मग रेझिनचे कण तिच्याकडे ओढले जाऊन चिकटतात आणि जिथं थर बसला तिथं करंट अडतो म्हणून तो उघड्या जागी वळतो, त्यामुळंच नक्षीच्या खाचीतही सारखा थर बसते, ब्रशनं हे जमतच नाही. मग धुऊन भट्टीत भाजतात. थर जेमतेम १०-२० मायक्रॉनचा, केसाहून पातळ! तुम्ही चिंच नाहीतर राख लावून घासलं असंल ना? त्यानं चरे पडले, हवा आत गेली, पितळ तिथूनच काळं पडलं. वातीजवळ तर आचेनंही लॅकर पिवळं पडते. आता वरून घासू नका, जुना थर पूर्ण काढून पॉलिश करून मगच नवीन बसवता येते, अन् घरी करंटचा प्रयोग अजिबात नको. नुसतं मऊ ओल्या फडक्यानं पुसत जा.