उद्योजकाने शेवटपर्यंत वाचावा असा लेख

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

लघुउद्योजकांच्या थकलेल्या बिलांवरचा तुझा लेख दोनदा वाचला. माहिती बरोबर आहे आणि भाषाही स्वच्छ आहे; तरीही ज्याच्यासाठी तो लिहिला आहेस, तो भोसरीतला जॉबवर्क करणारा कारखानदार पहिल्या परिच्छेदाच्या पुढे जाईल असे मला वाटत नाही. देशाच्या अर्थव्यवस्थेत लघुउद्योगांना किती महत्त्व आहे, हे तू तिथे सांगितले आहेस. त्याच्यापुढे मात्र महिनाअखेरचे पगार, वीजबिल आणि अजून जमा न झालेली रक्कम असते. त्याला काहीतरी ठरवायचे आहे, म्हणूनच तो लेख उघडतो. त्याला नेमके काय ठरवायचे आहे, हे एका वाक्यात मांडता येईपर्यंत लेखाला हात घालू नये, असे माझे ठाम मत आहे.

तुझ्या विषयात हा निर्णय एक नाही, दोन आहेत. माल घेणाऱ्याला ३१ मार्चपूर्वी कोणाकोणाचे पैसे चुकते करायचे हे ठरवायचे असते. माल देणाऱ्याला आपली उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म किंवा लघुउद्योग म्हणून केलेली सरकारी नोंदणी, गिऱ्हाइकाला कळवायची की नाही, हे ठरवायचे असते. तू दोघांनाही एकाच लेखात बसवले आहेस, त्यामुळे लेख कोणाचाच झालेला नाही.

समज, तू घेणाऱ्यासाठी लिहितो आहेस. मग सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यातील कलम १५ पासून सुरुवात करू नकोस, एका बिलापासून कर. एका कंपनीने सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाकडून १० लाख रुपयांचा माल १० फेब्रुवारी २०२५ रोजी स्वीकारला. करारात मुदत ६० दिवसांची लिहिलेली होती. पण कायद्याने ४५ दिवसांहून अधिक मुदत देता येत नाही, म्हणून ती २७ मार्चलाच संपली. लेखी करारच नसता, तर अवघे १५ दिवस मिळाले असते. कंपनीने पैसे १५ एप्रिलला दिले, तर आयकराच्या कलम ४३ब (एच) प्रमाणे तो खर्च २०२४-२५ या वर्षात धरता येणार नाही. २५ टक्के दराने कर भरणाऱ्या कंपनीवर त्या वर्षी अडीच लाख रुपये आणि त्यावरील उपकर यांचा बोजा येईल. पुढच्या वर्षी वजावट मिळेल हे खरे, पण तोवर खेळते भांडवल अडकून पडते. उलट, मुदत उलटूनही ३१ मार्चच्या आत पैसे दिले असते, तर वजावट त्याच वर्षी मिळाली असती. विलंबाच्या व्याजाचा प्रश्न तेवढा उरला असता. हा शेवटचा मुद्दा तुझ्या लेखात नाही, आणि वाचकाला सर्वांत उपयोगी पडणारा मुद्दा तोच आहे.

एवढे एक उदाहरण नीट मांडलेस, की कलमांची शब्दशः अवतरणे देण्याची गरज उरत नाही. मात्र मर्यादा सांगायला विसरू नकोस: हा नियम मध्यम उद्योगांच्या बिलांना लागू नाही, आणि निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांनाही त्याचे संरक्षण नाही. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आला असून त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. म्हणून जुन्या लेखांतून क्रमांक उचलू नकोस.

माल देणाऱ्यासाठीचा लेख मात्र याहून अवघड आहे, आणि तो तू लिहावास अशी माझी मनापासून इच्छा आहे. थकलेल्या रकमेवर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज मागण्याचा हक्क कायदा त्याला देतो. हे त्याच्या सीएने त्याला सांगितलेले असते. तरीही तो मागत नाही, कारण त्याचे निम्मे काम एकाच मोठ्या गिऱ्हाइकाकडून येत असते आणि व्याज मागितले तर पुढची ऑर्डर दुसऱ्याला जाईल, ही धास्ती त्याला असते. हक्कांची यादी देणारा लेख त्याला परका वाटतो. त्याऐवजी, संबंध न तुटता काय करता येईल हे लिही: बिलावरच उद्यम क्रमांक छापावा, माल पोचल्याची तारीख गिऱ्हाइकाकडून लेखी घ्यावी, आणि तक्रारीचा मार्ग धरण्याआधी बिलांचे पैसे मुदतीआधी बँकांकडून मिळवून देणाऱ्या ट्रेड्स या ऑनलाइन व्यवस्थेवर गिऱ्हाईक येईल का, हे विचारावे. यांतले काय कितपत चालते, हे कायद्याच्या पुस्तकात सापडणार नाही. त्यासाठी कारखान्यांत जाऊन बसावे लागेल.

शीर्षकाबद्दल थोडेच सांगतो. ‘विलंबित देयके : एक दृष्टिक्षेप’ हे काढून टाक आणि वाचक सीएला जो प्रश्न विचारतो, तोच शीर्षकात ठेव.

दोन्ही लेखांचे मसुदे वेगवेगळे पाठव, आणि ज्या कारखानदारांशी बोलशील त्यांचे प्रश्न त्यांच्याच शब्दांत टिपून सोबत जोड. मी आधी ते प्रश्न वाचीन, मग लेख.

तुझा हितचिंतक