जुन्या बोलेरोत रास्पबेरी पाय बसवून गाडीचा कंप्युटर करायचा आहे. कोणता बोर्ड आणि किती इंची स्क्रीन घेऊ?

रास्पबेरी पाय म्हणजे तळहाताएवढ्या बोर्डावरचा कंप्युटर; त्यातला बोर्ड कोणताही घ्या हो. गाणी, मागचा कॅमेरा आणि ऑफलाइन नकाशा एवढ्याला पाय ४ चा २ जीबीवाला पुरतो. (आमच्याकडे झरीच्या बाजूला निघालं की रेंज जाते, म्हणून नकाशा घरूनच उतरवून न्यायचा.) लोक महिनाभर बोर्ड आणि स्क्रीनवर डोकं लावतात आणि करंट कुठून घ्यायचा हे शेवटच्या दिवशी इलेक्ट्रिशियनला विचारतात. मीही तेच केलं, आणि त्यापायी चार वर्षांपासून साडभाऊंचे टोमणे खातोय.

माझीही बोलेरोच. आधी एसीसीच्या लाईनवर (चावी अर्धी फिरवली की रेडिओला करंट मिळतो ती) बाराचे पाच व्होल्ट करणारा कन्व्हर्टर लावला. पण चावी स्टार्टवर नेली की बऱ्याच गाड्यांत एसीसी तेवढ्यापुरती बंद होते. म्हणजे पाय सुरू झाला, स्टार्टर फिरला की मेला, परत सुरू. तिसऱ्या आठवड्यात मेमरी कार्ड गेलं, कारण लिहिणं चालू असताना करंट गेला की ते बिघडतं. तालुक्याचा इलेक्ट्रिशियन म्हणाला, "डायरेक्ट बॅटरीवर टाका न भाऊ, झंझटच नाही." टाकली. मधे फ्यूजही नव्हता, हे मला फार नंतर दिसलं.

मग मे महिन्यात साडभाऊंच्या धाकट्या भावाचं लग्न, वऱ्हाड हिंगणघाटला जायचं. नवरदेव माझ्या गाडीत. सकाळी सहाला, ऊन चढायच्या आत निघायचं म्हणून चावी फिरवली तर नुसतं टक्. परत टक्. साडभाऊ खिडकीत वाकून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पिऊन गेलं न तुमचं खेळणं बॅटरी!" नवरदेवाला फेट्यासकट खाली उतरवलं, आठ जणांनी धक्का मारला, दुसऱ्या गिअरात क्लच सोडला तेव्हा कुठं गाडी लागली. पंगतीत विषय एकच. तेव्हापासून नात्यातल्या प्रत्येक लग्नात तोच.

आता हिशेब बघा. पाय आणि सात इंची स्क्रीन मिळून दहा-बारा वॅट, म्हणजे बॅटरीतून साधारण १ अँपिअर. रात्री नऊ ते सकाळी सहा, ९ तास, ९ अँपिअर-अवर. साठ-सत्तर अँपिअर-अवरची धड बॅटरी तेवढ्यात मान टाकत नाही. माझ्या बॅटरीनं पाच उन्हाळे काढले होते, आणि उन्हाळा म्हणजे आमच्याकडचा, ४५ अंशांचा. उष्णतेनं लेड-ॲसिड बॅटरी लवकर संपते. हे सगळं मी कागदावर मांडून दाखवलं. साडभाऊंनी कागदाकडे न बघताच विचारलं, "मंग ते नसतं तं गाडी लागली नसती का?" आता अशा माणसाशी काय बोलायचं!

आता माझ्या गाडीत तीन वायरी आहेत. एक बॅटरीवरून, फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर. दुसरी अर्थिंगची. तिसरी इग्निशनची, जी स्टार्टर फिरतानाही जिवंत राहते, पण ती फक्त खबर द्यायला. चावी बंद झाली की पाय स्वतःच शटडाउन होतो आणि मिनिटभरानं टायमर रिले त्याचा करंट तोडतो. इग्निशनची वायर सरळ पायच्या पिनवर जोडू नका. पिन ३.३ व्होल्टची आहे, १२ लागले की बोर्ड गेला; मधे ऑप्टोकपलर हवाच, म्हणजे दोन्हीकडच्या वायरी न जोडता उजेडानं इशारा पोचवणारा छोटा भाग. स्टार्टर फिरताना बॅटरी आठ-नऊ व्होल्टपर्यंत उतरते आणि गाडी चालू असताना चौदाच्या आसपास असते, तेव्हा दोन्हीकडे टिकणारा ५ अँपिअरचा कन्व्हर्टर घ्या. स्वस्तातल्यावर ३ अँपिअर लिहिलेलं असतं, पण दोनलाच तो एवढा तापतो की हात लावू देत नाही.

स्क्रीन सात इंची बस झाली, आरशासारखी चकचकीत काचेची नको. एकदा बाजार समितीत काचा लावून गाडी दोन तास उन्हात होती. येऊन बघतो तर स्क्रीनच्या मधोमध हाताच्या पंजाएवढा काळा डाग. गाडी लिंबाखाली लावली तसा तो कडेकडेनं विरत गेला. बोर्ड डॅशबोर्डवर नको, सीटखाली ठेवा. ८० अंशांना पाय स्वतःच मंद होतो. पॉवरबँक तर मे महिन्यात गाडीत ठेवूच नका.

इंजिनची माहिती स्क्रीनवर हवी असेल तर आधी ओबीडीचं सॉकेट आहे का ते बघा, फार जुन्या बोलेरोत ते नसतं.

आणि वरच्या हिशेबात एक गोष्ट मी धरली नाही. त्या रात्री पोरं गाडीत गाणी लावून बसली होती आणि ॲम्प्लिफायर तसाच चालू राहिला होता. कागदावर तो नव्हता. बायकोला माहीत आहे, साडभाऊंना अजून नाही.