अमोनियातला मेंढा

प्रश्न असा आहे : ‘अमोनिया हा शब्द इजिप्तमधल्या एका बोकडतोंड्या देवावरून आला म्हणतात. खरं की थाप?’

खरं आहे. फक्त तो बोकड नव्हे, मेंढा. गावाकडच्या बोलीत एडका. देवाचं नाव आमून. मेंढ्याचं डोकं असलेले देव इजिप्तमध्ये बरेच होते. चाकावर माणसं घडवणारा कुंभार ख्नूम त्यांतलाच. पण ख्नूमची शिंगं आडवी, नागमोडी, दोन्ही बाजूंना पसरलेली. आमूनच्या मेंढ्याचं शिंग मात्र कानाभोवती वळसा घेऊन गालावर येतं. हा वळसा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

ग्रीकांनी आमूनचं ‘अमोन’ केलं. आजच्या इजिप्तच्या पश्चिमेला, लिबियन वाळवंटातल्या सीवा इथे त्याचं कौल देणारं देऊळ होतं, इ.स.पू. ३३१ मध्ये अलेक्झांडर तिथे कौल लावायला गेला होता. त्या मुलखातल्या मिठाला ‘अमोनचं मीठ’ म्हणत. ते बहुधा साधं खनिज मीठच असावं. पुढे हे नाव दुसऱ्याच क्षाराला चिकटलं, म्हणजे आपल्या नवसागराला. (नवसागराचा नऊ सागरांशी काही संबंध नाही, तो फारसी ‘नौशादर’चा भाऊ.) कल्हईवाला तापल्या पातेल्यात चिमूटभर पूड टाकतो, पांढरा धूर उठतो आणि नाक चुरचुरतं, तोच हा. इजिप्तमध्ये तो उंटाच्या शेणाच्या गोवऱ्यांच्या काजळीतून काढत. नवसागरातून निघणाऱ्या वायूला १७८२ मध्ये स्वीडनच्या बर्गमननं ‘अमोनिया’ नाव दिलं.

आता तो वळसा. गुंडाळलेल्या शिंगासारख्या दिसणाऱ्या दगडाला रोमन लेखक प्लिनी ‘अमोनचं शिंग’ म्हणतो. त्यावरूनच अमोनाइट, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी नामशेष झालेल्या समुद्री प्राण्याचं दगड झालेलं कवच. आणि गंडकीतून येणारा, देवघरात तुळशीपत्राखाली बसलेला शाळिग्राम? तोही बहुतेकदा अमोनाइटच. ग्रीक-रोमनांनी त्या वळशात मेंढा पाहिला, आपण चक्र.

लिहिताना देवाला ‘आमून’ म्हणावं. ‘अमोन’ ग्रीक झाला, तो अमोनियापुरता ठेवावा. आणि ‘मेषमुखी’ शब्द जड वाटत असेल, तर ‘मेंढ्याच्या तोंडाचा’ म्हणा. ‘बोकडतोंड्या’ तेवढं नको.