खुर्ची मिळाली, पण मुलीला तिच्यात बसता येत नाही

प्रश्न (सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावातून) : माझी मुलगी अकरा वर्षांची असून तिला सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील दोषामुळे हालचालींवर ताबा नसणे) आहे; प्रमाणपत्रावर 85 टक्के दिव्यांगत्व आहे. पावणेदोन वर्षांपूर्वी शिबिरात तिला घडीची साधी व्हीलचेअर मिळाली. तिची मान आणि पाठ धरत नसल्याने त्या खुर्चीत ती अर्ध्या तासात एका कुशीवर कलंडते. डॉक्टरांनी मान, छाती आणि कंबर सावरणारी, मागे कलणारी खुर्ची लिहून दिली आहे. तिचा खर्च दीड लाख सांगतात. जनआरोग्य योजनेत ती बसत नाही असे दवाखान्यात सांगितले, आणि कार्यालयातून तोंडी उत्तर आले की तीन वर्षे झाल्याशिवाय दुसरी खुर्ची नाही. आम्ही दोघे केळीच्या बागेत मजुरी करतो. ठेकेदाराकडून उचल घेऊन खुर्ची घ्यावी का?

उत्तर : ताई, उचल घेऊ नका. आधी खरेदी करून मागाहून सरकारकडून भरपाई मिळवणे फार अवघड जाते, आणि तुमचे हक्क अजून कोणी लेखी नाकारलेलेही नाहीत.

दवाखान्यात मिळालेले उत्तर बरोबर आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना रुग्णालयातील ठरावीक उपचारांचा खर्च उचलते. घरी वापरायची खुर्ची त्यात येत नाही. तिथे आणखी खेटे घालू नका.

कार्यालयातील उत्तर मात्र चुकीचे आहे. दिव्यांगांना साधने देणाऱ्या केंद्राच्या ‘एडिप’ योजनेत एकाच कारणासाठी पुन्हा साधन मिळण्यास तीन वर्षांची अट आहे हे खरे, पण बारा वर्षांखालील मुलांसाठी ती एकच वर्षाची आहे, कारण वाढत्या अंगाला जुने माप पुरत नाही. तुमचे पावणेदोन वर्ष केव्हाच भरले. कुटुंबाचे मासिक उत्पन्न 22,500 रुपयांच्या आत असल्यास या योजनेतील साधन पूर्ण मोफत मिळते. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला तेवढा काढून ठेवा. अडचण आहे ती पुढे : या योजनेतील खर्चाची मर्यादा दीड लाखापुढे फारच तोकडी आहे.

म्हणून माझा आग्रह आहे की तुम्ही दवाखान्याच्या दाराऐवजी शाळेच्या दाराने जावे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये साधनांचा उल्लेख दोन ठिकाणी येतो. कलम 24 मधील मोफत साधने सरकारच्या आर्थिक कुवतीच्या आणि उत्पन्नमर्यादेच्या अधीन आहेत. कलम 17 मध्ये मात्र 40 टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना अठरा वर्षांपर्यंत ‘योग्य’ साहाय्यक साधने मोफत देण्याचे कर्तव्य शासनावर आणि स्थानिक प्राधिकरणांवर थेट टाकले आहे, आणि तिथे उत्पन्नाची अट नाही. मुलीचे नाव शाळेच्या पटावर असून विशेष शिक्षक घरी येतात, असे तुम्ही पत्रात पुढे लिहिले आहे. तेवढ्याने ती विद्यार्थिनी ठरते. वकिलाच्या दृष्टीने सगळा दावा ‘योग्य’ या एका शब्दावर उभा राहील.

त्यामुळे अर्जात ‘दुसरी खुर्ची द्यावी’ असे चुकूनही लिहू नका. ‘योग्य साधन आजवर मिळालेले नाही’ असे लिहा. त्यासाठी डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट यांचे शिफारसपत्र नव्याने घ्यावे लागेल, कारण तुम्ही पाठवलेल्या चिठ्ठीवर ‘स्पेशल व्हीलचेअर’ एवढे दोनच शब्द आहेत. पाठीचा कणा किती वाकला आहे, आधार नसल्यास तो कसा वाढेल, मान टेकवायची सोय, बाजूचे आधार, कमरेचा पट्टा, मागे कलणे यांपैकी प्रत्येक गोष्ट कशासाठी हवी आणि मापे काय, हे त्यात यावे. उशा आणि गोधडीची घडी कोंबूनही ती कशी घसरते, माकडहाडापाशी कातडी कशी लाल होते, याचे तारीखवार फोटो जोडा. जुनी खुर्ची परत करू नका. तीच तुमचा पुरावा आहे.

हा अर्ज जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांना द्या आणि त्याच्या प्रती गटशिक्षणाधिकारी व समाजकल्याण विभागाला द्या. जिल्हा परिषदेने आणि ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातील 5 टक्के रक्कम दिव्यांगांसाठी राखून ठेवायची असते; ‘एडिप’मधून भागणार नाही तो खर्च या निधीतून करावा, असे त्याच अर्जात मागा. निधी शिल्लक नाही असे सांगितले, तर माहिती अधिकारात मागील दोन वर्षांचा जमाखर्च मागवा. तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. (पुष्कळदा हा अर्ज पडला की निधी ‘सापडतो’.) प्रत्येक कागदावर आवक शिक्क्याची पोच घ्या, कारण तोंडी नकाराविरुद्ध दाद मागणे फार कठीण असते.

लेखी नकार आला किंवा दोन महिने उत्तरच आले नाही, तर दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्याच कलम 80 खाली पुण्याच्या राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करा. त्यांना साक्षीदार व कागदपत्रे बोलावण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार असून, त्यांच्या शिफारशीवर संबंधित यंत्रणेने तीन महिन्यांत कार्यवाही कळवायची असते. तेथेही निभावले नाही, तर उच्च न्यायालयाचे छत्रपती संभाजीनगर खंडपीठ आहे. वकिलाच्या फीची काळजी करू नका : स्त्रिया, बालके आणि दिव्यांग व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणात साधा अर्ज पुरेसा आहे.

एकच घाई करा. मुलगी आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास बारा वर्षांची होईल, असे तुम्ही लिहिले आहे. त्यानंतर तीन वर्षांची अट खरोखरच तुमच्या आड आणता येईल. जन्मदाखल्यावरची तारीख पाहा आणि ‘एडिप’चा अर्ज तिला बारा वर्षे पूर्ण होण्याच्या आत, पोच घेऊन, दाखल करा.