शाळेतली प्रतिज्ञा, नोटेवरचा देव: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमची मुलगी एडिसन (न्यू जर्सी) इथल्या सरकारी शाळेत सातवीत आहे. रोज सकाळी ध्वजाची प्रतिज्ञा होते. घरात आम्ही देव मानत नाही आणि तिला त्यातलं ‘अंडर गॉड’ (देवाच्या छत्राखाली) म्हणायचं नाही. शिक्षिका म्हणतात, ‘म्हणू नकोस, पण उभं राहावंच लागेल, राज्याचा कायदा आहे.’ खरं काय?

उत्तर : कायद्यात तसं लिहिलेलं आहे, पण ते चालत नाही. उभं राहण्याची सक्ती फिलाडेल्फियाच्या फेडरल अपील न्यायालयाने १९७८ सालीच घटनाबाह्य ठरवली. तरी शाळा जुन्या मजकुरावर बोट ठेवतात. मुलगी जागेवर शांत बसून राहू शकते, किंवा उभी राहून नेमके तेवढे दोन शब्द गाळू शकते. तिला वर्गाबाहेर उभं करणं हा मधला मार्गही शाळेला नाही. न्यूयॉर्कच्या एका खटल्यात १९७३ मध्ये ‘उभा राहा नाहीतर बाहेर जा’ हा पर्याय न्यायालयाने अमान्य केला.

मूळ हक्क १९४३ चा आहे. वेस्ट व्हर्जिनियात यहोवा विटनेस या ख्रिस्ती पंथाची मुलं ध्वजाला सलामी देत नसत, म्हणून त्यांना शाळेतून काढलं जाई आणि वर आईबापांना ५० डॉलर दंड व ३० दिवसांपर्यंत कैदेची तरतूद होती. सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी ही सक्ती रद्द केली. तीनच वर्षांपूर्वी याच न्यायालयाने ८ विरुद्ध १ असा बरोबर उलटा निकाल दिला होता! यात एक गोष्ट लक्षात घ्या. तेव्हा प्रतिज्ञेत देव नव्हताच. १८९२ मध्ये ती लिहिणारे फ्रान्सिस बेलामी स्वतः बाप्टिस्ट पाद्री होते, तरी त्यांनी देवाचं नाव घातलं नव्हतं. विटनेसांची हरकत ध्वजाला वंदन करण्यालाच होती. त्यांच्या लेखी ती मूर्तिपूजा. आणि न्यायालयाने निकाल दिला तो धर्मस्वातंत्र्यावर नव्हे, अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्यावर. म्हणून तुम्ही आस्तिक की नास्तिक हे शाळेला सांगण्याची गरज नाही.

करायचं एवढंच: वर्गशिक्षिकेला दोन ओळींची ईमेल, प्रत मुख्याध्यापकांना. ‘आमची मुलगी प्रतिज्ञेत भाग घेणार नाही, ती शांत बसून राहील. तिला उभं राहायला किंवा वर्गाबाहेर जायला सांगू नये.’ कारण लिहू नका. लिहिलंत की त्यावर चर्चा सुरू होते. मुलीलाही सांगून ठेवा की इतर म्हणत असताना बोलायचं नाही, हसायचं नाही. गोंगाट केला तर शिस्तीचा बडगा येतो आणि तो योग्यही ठरतो. खासगी शाळेला मात्र यातलं काही लागू नाही.

बरेच पालक इथे एक गफलत करतात. ‘प्रतिज्ञाच बंद करा’ किंवा ‘ते शब्द काढा’ असं लांबलचक पत्र धाडतात. ती लढाई वेगळी आहे आणि ती वारंवार हरलेली आहे. ‘अंडर गॉड’ १९५४ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या सहीने आलं. शीतयुद्धात ‘निरीश्वर’ सोव्हिएत संघापासून आपलं वेगळेपण दाखवायचं होतं. २००२ मध्ये एका शाळकरी मुलीच्या वडिलांच्या दाव्यावर कॅलिफोर्नियातल्या अपील न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवलं खरं, पण २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मूळ प्रश्नाला हातच लावला नाही: मुलीच्या ताब्यावरून वाद असल्याने वडिलांना असा दावा करता येत नाही, एवढ्यावर प्रकरण मिटवलं. मॅसॅच्युसेट्स (२०१४) आणि तुमच्या न्यू जर्सीतही (२०१५) निकाल शब्दांच्या बाजूनेच लागले, आणि त्यात एक मुद्दा हाच की प्रतिज्ञा म्हणणं ऐच्छिक आहे. (योगायोग म्हणा: १९४३ चा निकाल, १९५४ ची सही आणि २००४ चा निकाल, तिन्हींची तारीख १४ जून. तिकडचा ध्वजदिन.)

प्रश्न : ह्यूस्टनमध्येही हाच नियम का?

उत्तर : हक्क तोच, पण वाट वेगळी. टेक्सासच्या कायद्यात सूट पालकांच्या लेखी विनंतीवर मिळते, मुलाच्या तोंडी सांगण्यावर नाही. तिथे दोन प्रतिज्ञा होतात, देशाची आणि राज्याची, आणि राज्याच्या प्रतिज्ञेतही २००७ पासून देव आहे. पत्रात दोन्हींचा उल्लेख करा. एकीचाच केलात तर दुसरीच्या वेळी पोराला पुन्हा हटकतील.

प्रश्न : डॉलरवरचं ‘इन गॉड वी ट्रस्ट’ हे अमेरिकेचं सुरुवातीपासूनचं ब्रीद आहे ना?

उत्तर : नाही. १७८२ च्या राजमुद्रेवर ‘ई प्लुरिबस युनम’ आहे, म्हणजे अनेकांतून एक. देवाचं वाक्य यादवी युद्धात आलं. १८६१ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एका पाद्र्याने अर्थमंत्री चेस यांना पत्र लिहिलं आणि १८६४ च्या दोन सेंटच्या नाण्यावर ते प्रथम उमटलं. १९०७ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी नव्या सोन्याच्या नाण्यांवरून ते वगळलं. रूझवेल्ट धार्मिक होते. पैशावर देवाचं नाव म्हणजे त्या नावाची विटंबना, असं त्यांचं मत. आमच्या मते या सगळ्या वादातला हा सर्वांत वजनदार आक्षेप, पण काँग्रेसने (अमेरिकन संसदेने) १९०८ मध्ये वाक्य परत आणलं. अधिकृत ब्रीद ते १९५६ मध्ये झालं, आणि कागदी नोटांवर १९५७ पासून आलं.

प्रश्न : आपल्या ‘भारत माझा देश आहे’ मध्ये देव नाही. घटनेत तरी होता का? (सांगली)

उत्तर : आणायचा प्रयत्न झाला होता. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी घटना समितीत ह. वि. कामत यांनी उद्देशिकेची सुरुवात ईश्वराच्या नावाने व्हावी अशी दुरुस्ती मांडली. ती ४१ विरुद्ध ६८ मतांनी पडली. मंत्री-खासदारांच्या शपथेत मात्र तिसऱ्या अनुसूचीने दोन्ही पर्याय ठेवले: ‘ईश्वरसाक्ष शपथ घेतो’ किंवा ‘गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करतो’. राष्ट्रगीताबाबत १९८६ चा केरळचा खटला मुद्द्याचा आहे. तिथेही यहोवा विटनेस मुलंच होती. ती उभी राहत, गात नसत. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना शाळेत परत घ्यायला लावलं, आणि निकालात १९४३ च्या त्या अमेरिकन निकालाचा आधारही घेतला. पण इथली मुलं आदराने उभी होती, यावर निकालाचा भर आहे. बसून राहण्याची मुभा त्यातून काढू नका.

प्रश्न : अमेरिकन नागरिकत्वाच्या शपथेतलं ‘सो हेल्प मी गॉड’ टाळता येतं का?

उत्तर : येतं. मुलाखतीच्या वेळी अधिकाऱ्याला सांगा की शपथेऐवजी प्रतिज्ञा घेईन आणि शेवटचे चार शब्द म्हणणार नाही. त्यासाठी पुरावा, दाखला, देवळा-चर्चचं पत्र काही लागत नाही. शपथेतल्या, देशासाठी शस्त्र धरण्याच्या कलमातून सूट हवी असेल तर ती गोष्ट निराळी: तिथे श्रद्धेचा भक्कम पुरावा मागतात. दोन विनंत्या एकाच दमात करू नका, नाहीतर साध्या बदलासाठीही कागद आणा म्हणतील.