आज उशीर झाला व्हय?

प्रिय पोरी,

तुझा मेसेज दोनदा वाचला. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या खोलीवरून शाहूपुरीच्या ऑफिसला जाताना परीख पुलाच्या तोंडाशी लिंबं-कोथिंबिरीची पाटी घेऊन बसणाऱ्या बाईनं तुला विचारलं, "आज उशीर झाला व्हय?" आणि तू दचकलीस. हिला माझी वेळ कशी ठाऊक, म्हणून दुसऱ्या दिवशी लांबच्या रस्त्यानं गेलीस. त्याच्याच खाली लिहिलंस की दीड महिना झाला, एवढ्या मोठ्या शहरात ओळखीचं एक माणूस नाही. या दोन गोष्टी तू एकाखाली एक लिहिल्यास, म्हणून हे पत्र. फोनवर मला नीट सांगता आलं नसतं. अडतीस वर्षं टपाल वाटलं, तेव्हा महत्त्वाचं काही असलं की हात कागदाकडंच जातो.

मी 1979 साली आजऱ्याहून इथं आलो. शिवाजी पेठेतलं बीट, म्हणजे टपाल वाटायचा भाग, मिळाला. पहिल्याच आठवड्यात एक पाकीट आलं, त्यावर एका म्हातारीचं नाव आणि पुढं नुसतं 'उभ्या मारुतीजवळ'. घर नंबर नाही, गल्ली नाही. सोबतचा जुना पोस्टमन म्हणाला, "कट्ट्यावर विचार." चौकात चार-पाच माणसं बसली होती. मी पत्ता विचारला, तर ते मलाच विचारू लागले. कुठला रं तू? कुणाच्यातला? जेवलास काय? मला राग आला. सायकलवर पिशवीभर टपाल, ऊन डोक्यावर आलेलं, आणि ह्यांची चौकशी संपेना. शेवटी एकानं पोराला हाक मारली, आणि ते पोर मला थेट त्या म्हातारीच्या उंबऱ्यापर्यंत घेऊन गेलं.

तिला वाचता येत नव्हतं. पत्र मुलाचं होतं, मराठा लाइट इन्फन्ट्रीत होता तो. मी उभ्या उभ्या वाचून दाखवलं. ती गप्प राहिली आणि म्हणाली, "परत वाच." दुसऱ्यांदा वाचलं. मग आत जाऊन ताकाचा पेला घेऊन आली आणि तिसऱ्यांदा वाचायला लावलं. त्यानंतर कितीतरी वर्षं साडेअकराच्या सुमाराला ती उंबऱ्यावर बसलेली असायची, पत्र असो वा नसो. एकदा मी तापानं चार दिवस घरी होतो, तर पाचव्या दिवशी तिनं मला रस्त्यात थांबवून विचारलं, "कुठं मेला होतास?" या शहरात माझी वाट पाहणारं कुणी आहे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. त्या दिवसाआधी मीही तुझ्यासारखाच रविवारी रंकाळ्यावर एकटा बसून गावाकडच्या एसटीच्या वेळा मोजायचो.

तुझ्या त्या बाईचा प्रश्न मला म्हणून ओळखीचा वाटला. सकाळभर तिच्यासमोरून शेकडो माणसं जातात. त्यांतून तुझं जाणं तिच्या ध्यानात राहिलं, कारण तू रोज त्याच वेळी त्याच बाजूनं जातेस. मला जी माणसं अचानक भेटली असं वाटतं, त्यातली बहुतेक मी ठरल्या वेळी ठरल्या गल्लीत जात होतो म्हणून भेटली. तू रस्ता बदललास, तिथं ही वाट बंद होते.

नंतर माझं बीट शाहूपुरीला गेलं, त्यात कुंभार गल्ली होती. तिथल्या एका घराचा पत्ता मला पाठ होता, पण आत कधी पाऊल टाकलं नव्हतं. दारात टपाल द्यायचं, घंटी वाजवायची, पुढं जायचं. ऑगस्ट 2019 चा महापूर आठवतो ना? पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा आणि 43 फुटांना धोका असतो, त्या वेळी पाणी 55 च्याही वर गेलं. गणेशचतुर्थीला महिनाही राहिला नव्हता, वर्षभराच्या कमाईच्या मूर्ती घराघरात वाळत होत्या. मी दोन वर्षांपूर्वीच निवृत्त झालो होतो. रात्री फोन आला, त्याच घरातून. "पोस्टमनकाका, तुमच्याकडं जागा हाय काय?" आमचं मंगळवार पेठेतलं दोन खोल्यांचं घर. पहाटेपर्यंत टेम्पोच्या तीन खेपा झाल्या. रंग न दिलेले गणपती स्वयंपाकघरात, माडीच्या जिन्यावर, कपाटाच्या वर. आठवडाभर आम्ही दोघं नवरा-बायको त्यांच्या मधल्या जागेत झोपलो. तुझ्या काकूनं कच्च्या मातीला वाफ लागू नये म्हणून चहासुद्धा बाहेर व्हरांड्यात केला. त्या कुंभारानं शेकडो माणसांतून मलाच का फोन केला? मी त्याला विचारलं. म्हणाला, "तुमचा एकट्याचाच नंबर न बघता आठवला."

आता एक गोष्ट कडक शब्दांत सांगतो. विचारपूस करणारा प्रत्येक जण त्या बाईसारखा नसतो, आणि तू मुलगी आहेस, तुझी काळजी खोटी नाही. मी जे पाहिलं ते असं. खरी ओळख व्हायला वेळ लागतो आणि चांगल्या माणसाला तो वेळ द्यायला काही वाटत नाही. पहिल्याच भेटीत नंबर मागणारा, चल सोडतो म्हणणारा, "का, विश्वास नाही का?" असं विचारणारा, त्याच्याशी बोलणं तिथंच तोडायचं. वाईट वाटून घेऊ नकोस, उत्तर देत बसू नकोस. अंधार पडला तर सरळ केएमटीची बस धर. लिंबं विकणाऱ्या बाईनं तुझ्याकडं काहीच मागितलं नव्हतं, हा फरक बघ.

ऑफिसात तू "मी येतो" म्हणालीस तर पुण्याकडची मुलं हसली, असंही लिहिलंस. आपल्याकडच्या बायका पिढ्यान् पिढ्या "येतो, जातो"च म्हणत आल्या. बदलू नकोस. पुलाजवळच्या बाईला तू "येते हं" म्हणालीस तर तीच गोंधळेल.

भाऊसिंगजी रोडवरून जाशील तेव्हा जरा हळू जा. पाण्याच्या हौदाला शिवला म्हणून मार खाल्लेल्या गंगाराम कांबळेला शाहू महाराजांनी मदत केली आणि त्यानं याच रस्त्यावर चहाचं हॉटेल काढलं. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला कुणी जाईना. तेव्हा महाराज तिथं गाडी थांबवायचे, स्वतः चहा घ्यायचे आणि सोबतच्या मोठ्या मोठ्या मंडळींनाही घ्यायला लावायचे. कुणाजवळ थांबायचं आणि कुणाच्या हातचं घ्यायचं, यावर हे शहर असं घडलंय. म्हणून भाजीवाली, झाडूवाला, लिफ्टमन यांच्याशी बोलायला तुला कमीपणा वाटता कामा नये. तुझ्या ऑफिसातल्या कुणाला वाटत असेल तर वाटू दे.

उद्या सकाळी नेहमीच्या रस्त्यानं जा. लिंबं घे, खोलीवर लागत नसली तरी दोन घे. ती काही विचारेल, त्याचं उत्तर दे, आणि मग तूही विचार. तिचं गाव कुठलं, इतक्या सकाळी पाटी घेऊन कशानं येते, पुलाखाली पावसाचं पाणी साठतं तेव्हा कुठं बसते. पुढच्या पत्रात मला कळव. मेसेज नको, पत्र टाक.

काकूनं तुझ्यासाठी शेंगदाण्याची चटणी करून ठेवलीय, रविवारी घेऊन जा.

तुझा,
पोस्टमनकाका