विलायत खाँ घराण्यातच जन्मले, मग त्यांना सतार आयतीच मिळाली ना?

प्रश्न विचारणाऱ्यांनी पुढे लिहिलंय की आजोबा इमदाद खाँ, वडील इनायत खाँ, दोघेही आपापल्या काळातले गाजलेले सतारिये. अशा घरातल्या मुलाला शिकायला त्रास तो काय? मी सतार शिकते आणि विलायत खाँचं वादन लहानपणापासून ऐकत आलेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

त्यांचा जन्म १९२८चा, गौरीपूरचा. हे गाव आज बांगलादेशात आहे. वडील गेले १९३८ साली. म्हणजे मुलगा दहा वर्षांचा असतानाच ज्याच्याकडून सगळं मिळायचं तो गुरूच गेला. पुढची तालीम नातेवाइकांनी मिळून दिली. सतार आणि सुरबहार (सतारीसारखंच, पण मोठं आणि खालच्या सुराचं वाद्य) काका वाहिद खाँकडून. बाकीचं आजोळहून, आणि आजोळ गवयांचं होतं! आईचे वडील बंदे हसन खाँ ख्याल गायचे, आणि रियाझावर नजर असायची ती मामा झिंदे हसन खाँची.

आई बशीरन बेगम यांच्याबद्दल फार कमी बोललं जातं, याचं मला वाईट वाटतं. सासरच्या रियाझाची पद्धत त्यांना नीट माहीत होती. मुलाला गवई व्हायचं होतं. त्या स्वतः गवयांच्या घरातल्या, तरी त्यांनीच बजावलं की बापाची सतार तुलाच चालवायची आहे. गळ्यात गाणं आणि हातात सतार, ही ओढाताण विलायत खाँच्या वादनात शेवटपर्यंत ऐकू येते. मैफलीत ते मध्येच बंदिशीची ओळ गाऊन दाखवायचे आणि लगेच तीच तारेवर काढायचे. ‘गायकी अंग’ म्हणतात ते हेच.

आता हे हाताला किती जड आहे ते सांगते. गवई एका श्वासात सूर लांबवतो, वळवतो. सतारीवर नखीचा (उजव्या बोटात घालायच्या तारेच्या कडीचा) आघात झाला की नाद लगेच विरायला लागतो. त्या विरत्या नादात डाव्या हाताने बाजाची तार, म्हणजे वाजवायची मुख्य तार, पडद्यावरच (दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) आडवी ओढायची, म्हणजे सूर चढतो. ही मींड. दोन सुरांची मींड सुरीली यायलासुद्धा बराच काळ जातो, बोटांच्या टोकांना चरे पडतात. विलायत खाँ एकाच आघातात, एकाच पडद्यावरून चार-पाच सूर ओढून काढायचे आणि प्रत्येक सूर नेमका जागेवर लागायचा. तार इतकी ओढली की दांडीवर ताण येतो आणि बाकीच्या तारा उतरू पाहतात, म्हणून त्यांनी वाद्यच जास्त भक्कम करून घेतलं. खर्जाच्या, म्हणजे अगदी खालच्या सुरांच्या, जाड तारा काढून टाकल्या आणि गंधार-पंचमाच्या (ग आणि प या सुरांच्या) तारा लावल्या. रागाप्रमाणे या तारांचा सूर बदलायचा. म्हणून त्यांची सतार मागे सतत भरलेली वाटते. वडिलांच्या सतारीला हात लावून ती बदलायची, हे घराण्यातल्या माणसाला बाहेरच्यापेक्षा अवघड जात असणार, असं मला वाटतं.

घराण्याचा फायदा झालाच नाही, असं मात्र म्हणणार नाही. नाव होतं, लहान वयात रेकॉर्ड निघाली, मोठ्या कलावंतांची ऊठबस घरात होती. पण नावामुळे तुलनाही पहिल्या दिवसापासून होते. धाकटे भाऊ इमरत खाँ सुरबहारकडे वळले आणि दोघांची जुगलबंदी गाजली. मुलगा शुजात खाँ सतार वाजवता वाजवता उघडपणे गातात. आजीने थांबवलेलं गाणं नातवाच्या मैफलीत असं मोकळं झालेलं ऐकलं की मला फार बरं वाटतं.

पद्म पुरस्कार त्यांनी नाकारले, त्यावर लोक भरपूर लिहितात. मी तिकडे जात नाही. १३ मार्च २००४ रोजी ते मुंबईत गेले. दफन कोलकात्यात, वडिलांशेजारी.

ऐकायचं असेल तर त्यांचा यमन किंवा भैरवी घ्या. सुरुवात आलापापासून, म्हणजे सुरुवातीच्या संथ भागापासून करा, ‘झाला’ या शेवटच्या जलद भागापासून नको. आघात झाल्यानंतर, पुढचा आघात येईपर्यंत डावा हात काय काय करतो तेवढंच ऐका.